कावीळ झाली म्हणून सांगायचं

दादाभाऊला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी येडगावच्या वस्तीवर सगळं घर आधीच गोळा झालं होतं. जीप कालव्याच्या पुलावरून वळली तेव्हाच आरतीला अंगणातली थोरल्या दिरांची स्कूटर दिसली, आणि दोरीवर वाळत घातलेलं नणंदेचं हिरवं पातळ. म्हणजे लंकाबाई डिंभ्याहून कालच आल्या होत्या.

"एवढ्यांना कशापायी बोलावलं?" शेजारी बसलेला दादाभाऊ म्हणाला.

तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी दादाभाऊनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आरती नारायणगावच्या बाजारातून ठरल्यापेक्षा तासभर आधी परतली, म्हणून तो वाचला. तेव्हापासून दवाखान्यात त्याच्या उशाला ती आणि तिचे सासरे यमाजी आळीपाळीनं बसले होते. इकडे घरात काय ठरत होतं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं होतं. दारू हा एक आजार आणि स्वतःच्याच जिवावर उठणं हा दुसरा, असं वेगवेगळं समजू नका, त्या म्हणाल्या. दारू माणसाचं मन आधी काळवंडून टाकते, आणि मग त्याला धरून ठेवणारं जे काही आत असतं तेही सैल करते. दारू सुटल्यावरचे पहिले महिनेही जपायचे. त्याला एकटं सोडायचं नाही, घरात धोक्याचं काही त्याच्या हाताशी ठेवायचं नाही, आणि घरीच कोंडून दारू तोडायचा प्रयत्न करायचा नाही. इथं औषधानं उतरवली आहे, पुढचं पुण्याच्या केंद्रात व्हायला हवं. पस्तीस दिवस. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

आरती उठली नाही. मग तिनं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दादाभाऊ पिऊन आला की नेहमी म्हणायचा, मी गेलो म्हंजी तुमी सुटाल. वर्ष-दीड वर्ष ऐकून ऐकून तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली होती, जा मग एकदाचं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या त्या शब्दानं हे झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पिऊन बोलतोय म्हणून ते खोटं असतं असं नाही. पुढच्या वेळी त्याला सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. असतं ते बाहेर येतं."

जीपमध्ये तिनं नवऱ्याच्या हातांकडं पाहिलं. ते मांडीवर पालथे पडले होते आणि आता थरथरत नव्हते. दादाभाऊ मोटारी भरायचा. नदीकाठच्या, धरणाकाठच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की माणसं त्याच्या दुकानात आणून टाकायची, आणि तांब्याच्या तारेचे वेढे तो गप्पा मारत मारत अचूक घालायचा. मोटार सुरू झाली की मालक खूश होऊन त्याला प्यायला बसवून घ्यायचा. नको म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. असं बारा वर्षं चाललं. शेवटची दोन वर्षं सकाळी घोटभर घेतल्याशिवाय त्याला तार धरवत नव्हती.

आरतीला त्याचा राग यायचा, पण त्याहून जास्त त्याची आठवण यायची. लग्नानंतरच्या दिवसांत तो संध्याकाळी यायचा तेव्हा केसांना वार्निशचा वास असायचा, आणि जेवताना तो एकेका मोटारीचं दुखणं असं सांगायचा की जणू घरातलंच कुणी आजारी आहे. तो माणूस तिला हवा होता. शेजारी बसलेल्या माणसाची आठवण येते, हे कुणाला सांगून कळलं नसतं.

जीप थांबली. चुलतसासू साळुबाईनं उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. दादाभाऊ कुणाकडंही न बघता, आत न जाता, गोठ्याकडं गेला आणि करंजाखाली टाकलेल्या बाजेवर आडवा झाला. तो नजरेत राहील अशा बेतानं यमाजी गोठ्याच्या दाराशी बसून राहिले. आतून हाक आली तसे उठले, पण बसले ते ओट्याच्या कडेला, बाज नजरेत ठेवून.

थोरल्या भागूजींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. मंचरच्या शाळेत ते मास्तर होते, घरात त्यांना तात्या म्हणत. वर्गात उभं राहून बोलायची सवय इथंही सुटत नसे, पण आज ते खालीच बसले. राजनंदिनीचा, त्यांच्या मुलीचा, साखरपुडा बारा दिवसांवर आला होता. जुन्नरची माणसं होती, चांगली शिकलेली. परवा त्यांचा फोन आला तेव्हा भागूजींच्या तोंडून निघून गेलं होतं, की धाकट्याला कावीळ झालीय. एकदा बोलल्यावर ते बरंच वाटलं. कावीळ कुणालाही होते.

"सगळ्यांनी एकच सांगायचं," ते म्हणाले. "कावीळ. पथ्य चालू आहे. भाऊ विश्रांतीला बहिणीकडं गेलाय."

बाकीचंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. डिंभ्याला लंकाबाईचं घर धरणाच्या कडेला, अगदी टोकाला. एसटी आली तर आली. तिथं दादाभाऊला ओळखणारं, बसवून पाजणारं कुणी नव्हतं. दाजी धरणात मासेमारी करायचे, ते त्याला होडीत बरोबर घेतील. जायच्या आधी खंडोबाचा भंडारा उचलून त्यानं सगळ्यांसमोर शपथ घ्यायची. दोन महिने काढले की माणूस आपोआप ताळ्यावर येईल.

लंकाबाईनं मान हलवली. भाऊ आपल्याकडं येणार याचाच तिला हुरूप होता. लहानपणी तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. आई, बाळाबाई, मेंढरांमागं असायची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता त्याला जेवू घालायला परत मिळणार होतं.

आरतीनं डॉक्टरची चिठ्ठी पुढं ठेवली. पुण्याचं केंद्र, पस्तीस दिवस. तिथं जायचं म्हणजे गावभर होणार, भागूजी म्हणाले. जुन्नरला कळायला दोन दिवस लागणार नाहीत. आणि शपथेचं काय वाईट? खंडोबापेक्षा डॉक्टर मोठे झाले का?

"भंडारा त्यांनी तीनदा उचललाय, तात्या," आरती म्हणाली. "तिन्ही बारीला मनापासून. मोडला की दर बारीला त्यांना वाटायचं, आपण आता देवाचंबी उरलो न्हाई."

तिच्या या बोलण्यावर लंकाबाई उसळली. घरात बायको असताना माणूस इथवर जातोच कसा, असं तिनं विचारलं. टोचून टोचून बोलणं, दुकानावर जाऊन चार माणसांत हात धरून आणणं, हे तिनं डिंभ्यापर्यंत ऐकलं होतं. आरतीनं चिठ्ठी उचलून घडी घातली. सकाळी जे डॉक्टरला सांगितलं तेच जणू वन्सं वाचून दाखवत होत्या.

भागूजींना या भांडणाचं वाईट वाटलं, पण त्यांनी ते थांबवलं नाही. आरती एकटी पडली की पुण्याचं मागं पडेल, हे त्यांना दिसत होतं. त्यांना भावाचं काही वाटत नव्हतं असं नाही. शाळेत असताना चुलत्याला, गेणभाऊला, गुत्त्यावरून आणायला त्यांनाच पाठवायचे. वाटेत वर्गातली पोरं भेटायची. त्या वाटेवरून कायमचं लांब जायचं म्हणून ते शिकले, मास्तर झाले, मंचरला राहिले. आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी ती वाट परत पायांखाली आली होती.

"मग उद्या सकाळी डिंभ्याला," ते म्हणाले.

"पाण्याकाठी न्हेऊ नका त्याला," साळुबाई म्हणाली.

ती चहाच्या कपांचं ताट घेऊन दारात उभी होती. साळुबाई गेणभाऊची विधवा. यमाजी तिचे थोरले दीर. बेचाळीस वर्षांत त्यांच्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आताही तिनं पदर पुढं ओढून घेतला होता आणि तोंड भिंतीकडं होतं. पण ताट तिनं खाली ठेवलं, आणि गेली नाही.

"नानी, आत्ता तो विषय नको," भागूजी म्हणाले. सगळी पोरं तिला नानी म्हणत.

"आत्ताच हवा. तुमी कावीळ म्हणताय. तवा आपण पाय घसरला म्हणलो व्हतो."

अठ्ठ्याहत्तर साली धरण नवं होतं. चराईची रानं काही पाण्याखाली गेली, काही उसाखाली. यमाजींनी मेंढरं विकून कालव्याखाली शेती धरली. गेणभाऊला शेती जमली नाही. कळपामागं उभा जन्म चाललेला माणूस एका जागी बसेना, आणि बसला तो गुत्त्यावर. एका सकाळी धरणाकडं गेला तो परत आला नाही. शेवाळावरून पाय घसरला असं यमाजी म्हणाले, गावानं मान्य केलं, आणि त्यानंतर या घरात त्याचं नावच निघेनासं झालं.

साळुबाईनं सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. त्यानं तीनदा बोलून दाखवलं होतं. पहिल्यांदा ती रडली, तशी तोच तिची समजूत घालत बसला. तिसऱ्यांदा बोलला तेव्हा ती चुलीपुढं होती. आधी भाकर खाऊन घ्या, म्हणाली. त्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी गेला.

"आन् दुसऱ्या बारीला," ती म्हणाली. "दुसऱ्या बारीला मी भावजींच्या कानावर घातलं व्हतं."

सगळ्यांनी ओट्याच्या कडेला बसलेल्या यमाजींकडं पाहिलं. भागूजींना वाटलं, आबा आता उठून जातील. त्यांची तीच रीत होती.

"घातलं व्हतं," यमाजी म्हणाले. "मी म्हणालो, दारू बोलती त्याची. उतरली की बोलू." त्यांनी बाजेकडं पाहिलं. "उतरली की बोललो न्हाई."

साळुबाई हळूच आरतीजवळ येऊन बसली. इतकी वर्षं ही बाई घरात कुणाच्या बाजूला बसलेली लंकाबाईनं पाहिली नव्हती. तिनं आपला डिंभ्याचा ओटा डोळ्यांपुढं आणला. चार पायऱ्या उतरल्या की पाणी. नवरा पहाटे होडी घेऊन गेला की घरात ती एकटी. भावाला जेवू घालायची हौस तिच्या मनातून गेली नाही, पण तिच्यावर एक भीती येऊन बसली.

"तात्या, माझ्याकडं नको," ती म्हणाली. "मला न्हाई सांभाळता यायचं. वहिनी म्हणती तसं करा." आणि मग आरतीकडं न बघता, "मी बोलले ते मनावर घेऊ नको."

भागूजी म्हणाले, सगळे मिळून मला एकट्याला वाईट ठरवताय. कुणी त्यांना वाईट ठरवलं नव्हतं. यमाजी उठले आणि गोठ्याकडं चालू लागले.

दादाभाऊला सगळं ऐकू आलं होतं. करंजाखालून ओटा वीस पावलांवर होता. कावीळ ऐकून त्याला हसूही आलं नाही, राग नाही. लोक आपल्याविषयी बोलतात, आपल्याला कुठं ठेवायचं ते ठरवतात, हे ऐकताना जळालेल्या मोटारीविषयी चाललंय असं त्याला वाटत होतं. पण गेणूचुलत्याचं ऐकल्यावर तो बाजेवर उठून बसला.

चुलता गेला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्या आधी, सहा-सात वर्षांचा असताना, दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा. चालून पाय दुखले की चुलता त्याला घोड्यावर बसवायचा, पुढं नुकतं जन्मलेलं कोकरू द्यायचा, आणि कोकराच्या उबेनं त्याला झोप लागायची. जाग यायची तेव्हा वेगळंच रान असायचं, पण माणसं तीच. दारू त्याला आवडायची असं नव्हे. पहिल्या दोन घोटांनंतर घटकाभर त्या झोपेसारखं काहीतरी यायचं. गेली कित्येक वर्षं तो तेवढ्यासाठी पीत होता, आणि गेली कित्येक वर्षं ते येत नव्हतं. आता त्याला नुसता शीण उरला होता.

यमाजी त्याच्या शेजारी बाजेवर बसले. एरवी बाप-लेक असे शेजारी बसत नसत. म्हाताऱ्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"दादाभाऊ, एक इचारतो. खरं सांग," तो म्हणाला. "तुला अजून मरावं वाटतं का?"

दादाभाऊला घरातल्या कुणी हे कधी विचारलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पण त्यांचं ते कामच होतं. त्यानं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर राग नव्हता.

"व्हय," तो म्हणाला.

यमाजींनी मान हलवली. "आत्ता, या घटकेला?"

"सकाळी लई व्हतं. आत्ता जरा कमी हाय."

"येतं कसं?"

दादाभाऊला सांगता येईना. मग तो अडखळत बोलत गेला. दारूचं ते झाकण वाटायचं, पण पिऊन उठलं की आत जास्तच साचलेलं असायचं. आरोही शाळेतून आली की त्याच्या तोंडाचा वास घेऊन मग बोलायची. अकरा वर्षांची पोर. आपण नसलो तर तिला वास घ्यावा लागणार नाही, असं वाटायचं. हे वाटणं खरं की दारूचं, ते आता त्याचं त्यालाच ओळखू येत नव्हतं. यमाजींनी मध्ये एकदाही "असं बोलू नये" म्हटलं नाही. त्याचं बोलून संपल्यावर ते म्हणाले, "गेणूला मी हे इचारलं न्हाई. भीती वाटली, इचारलं तर तो व्हय म्हणंल. मग मी काय करणार? मला काय येत व्हतं?" त्यांनी मांडीवरचं मुंडासं सारखं केलं. "आताबी येत न्हाई. पण बसता येतंय."

दादाभाऊ रडला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला, मेंढरू विताना बसायचा तसा, घाई न करता.

"पुण्याला मी येतो तुझ्यासंगं," तो म्हणाला. "पस्तीस दिवस बघू नको. कोकणची वाट कुणी एकदम चालत न्हाई. म्होरला मुक्काम तेवढा बघायचा."

तिसऱ्या प्रहरी मढचा संपत आला. डॉक्टरीणबाईंनीच त्याला निरोप दिला होता. एसटीचा ड्रायव्हर, चाळिशी उलटलेला, नऊ वर्षं न पिणारा. दर गुरुवारी नारायणगावच्या एका शाळेच्या खोलीत पिणं सोडलेली दहा-बारा माणसं बसत, त्यातला एक. तो भाषण देईल असं भागूजींना वाटलं होतं. त्यानं चहा घेतला, बाजेवर दादाभाऊशेजारी बसला आणि आपलंच सांगत राहिला. त्याच्यावरही ती वेळ दोनदा आली होती. दुसऱ्यांदा तर दारू सोडल्यावर, तिसऱ्या महिन्यात. "तवा मला वाटलं, आता तर पीतबी न्हाई, तरी जगू वाटंना, म्हंजी आपण कामातूनच गेलो," तो म्हणाला. "तसं नसतं राव. ते येतं आन् जातं. आलं की एकट्यानं बसायचं न्हाई, येवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं पुण्याला गेले. दादाभाऊ, यमाजी आणि आरती. भागूजी फाट्यापर्यंत पोचवायला आले. बस सुटताना त्यांनी खिडकीतून भावाचा हात धरला. म्हणाले, "स्वेटर घेतलाय का?"

तीन दिवसांनी ते जुन्नरला गेले आणि व्याह्यांना खरं सांगितलं. कावीळ आपण घाबरून सांगितली, असंही सांगितलं. व्याही नीट बोलले, पण घरात विचारून कळवतो म्हणाले, आणि तीन आठवडे त्यांचा फोन आला नाही. त्या दिवसांत भागूजींच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. राजनंदिनी मात्र एकदाच बोलली, चुलता घरी आल्याशिवाय मला साखरपुडा नकोच होता. शेवटी फोन आला. पौषानंतर करू, थोड्या माणसांत करू, एवढंच ते म्हणाले. का उशीर केला ते त्यांनी सांगितलं नाही आणि भागूजींनी विचारलं नाही.

पस्तीस दिवसांनी दादाभाऊ परत आला तो वजनानं भरला होता आणि थोडा परका वाटत होता. लोक म्हणतात तसा तो नवा झाला नव्हता. रात्री झोप लागत नसे, लहानसहान गोष्टींनी डोळ्यांत पाणी यायचं. औषधाच्या गोळ्या आरतीकडं असत. दर गुरुवारी संपत त्याला शाळेत घेऊन जायचा. दुकान त्यानं उघडलं, पण काम झाल्यावर कुणाकडं बसायला जायचं नाही म्हणून मोटारी बसवायला जाणं बंद केलं.

होळीच्या सुमाराला एकदा तो घसरला. एका जुन्या गिऱ्हाइकाकडं पिऊन आला, आणि अंगणात येऊन उभा राहिला, आत येईना. आरतीनं संपतला फोन करायला आरोहीला शेजारी पाठवलं, आणि स्वतः त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं तिनं पहिल्यांदा तोंडानं विचारलं, काही करावंसं वाटतंय का. त्यानं नाही म्हटलं. लाज वाटतीय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं जाऊन आले आणि परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागले.

मग चैत्रातल्या एका मंगळवारी भर दुपारी तो दुकान अर्ध्यावर टाकून घरी आला. प्यालेला नव्हता. आरती कांदे निवडत होती. तो तिच्यापुढं खाली बसला.

"आज ते आलंय," तो म्हणाला. "सकाळधरनं. तुला सांगायला आलो."

आरतीच्या हातातला कांदा हातातच राहिला. इतकी वर्षं हेच शब्द त्याच्या तोंडून पिऊन आले होते आणि तिला त्यांची शिसारी यायची. आज ते शुद्धीत आले होते, आणि तिला सांगायला म्हणून तो चार मैल सायकल मारत आला होता.

"बसा इथं," ती म्हणाली. "मी कुठं जात न्हाई."

तिनं हाक मारली तसे यमाजी मळ्यातून आले. तिघं कांदे निवडत बसले. चार वाजता संपतची ड्युटी सुटली आणि तो आला, आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून गोळी बदलली. संध्याकाळी दादाभाऊनं भाकरी मागितली. आरती चुलीकडं वळली आणि तिथं तिला रडू आलं, कारण पाठीमागं तो बापाला कुठल्याशा मोटारीचं दुखणं सांगायला लागला होता.

त्या गुरुवारी ती त्याच्याबरोबर नारायणगावला गेली. शाळेत शेजारच्या खोलीत बायकांची वेगळी बैठक असे. ती चार-पाचदा जाऊन आली होती. निघताना साळुबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि मीबी येते म्हणाली.

खोलीत लहान मुलांची बाकं होती. सात बायका अवघडून बसल्या होत्या. एकेकीनं नाव सांगायचं, वाटलं तर बोलायचं, नाही वाटलं तर नाही. आरतीला वाटलं, नानी नुसती ऐकेल. पण तिची पाळी आली तशी साळुबाई उभी राहिली. बसूनच बोला, असं कुणीतरी म्हणालं, तरी ती उभीच राहिली.

"माजं नाव साळुबाई," ती म्हणाली. "माज्या मालकाला जाऊन सव्वीस वर्सं झाली. दारू व्हती त्यांना. पाय घसरून न्हाई गेले ते. आपल्या मनानं गेले."

बायका वाट बघत राहिल्या. लग्नात सगळ्यांनी अडवून घ्यायला लावलं होतं ते सोडलं, तर साळुबाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. तो होता तेव्हा रीत म्हणून घेतलं नाही, आणि गेल्यावर घरातच कुणी घेत नव्हतं.

"गेणभाऊ," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली, जरा मोठ्यानं. मग ती खाली बसली, आणि तो कसा गेला हे सोडून, तो कसा होता ते सांगायला लागली. उंच होता. शीळ घालायचा ती दोन डोंगरांपलीकडं ऐकू यायची. तिला ताप आला तेव्हा कोकणातून चालत एकटा माघारी आला होता, तीन दिवसांची वाट दोन दिवसांत, आणि दारात येऊन नुसता उभा राहिला होता. काय बोलावं ते त्याला कळेना, तशी तीच म्हणाली होती, आत या की.